एक गॅलन मध

मावशीचा शिक्का गेला, तर बाजाराच्या तोंडावरची तिची जागा भाच्याला मिळणार होती. त्यासाठी त्याला बोटही हलवावं लागलं नव्हतं. मधाच्या वजनाचा कमी आकडा मावशीनेच कळवला होता.

मधपाळांच्या संघात शुद्धतेचा शिक्का विश्वासावर मिळे. मोजायचा डबा एकच. जुना गळायला लागल्यावर यंदाच भंगारबाजारातून आणलेला, वर 'एक गॅलन' असं कोरलेला. तो घरोघर फिरे. ज्याने त्याने आपला मध त्यात भरून तोलायचा आणि वजन कळवायचं.

यंदा बरणीवर घनता लिटरमागे किलोत हवी होती.

"सोपं आहे," अध्यक्ष म्हणाले. "गॅलनमागे जितके पौंड, त्यांना दहाने भागा."

भाच्यासकट बाकी सगळ्यांचे पौंड नेहमीप्रमाणे चौदाच्या किंचित पुढे. भागून एक पूर्णांक बेचाळीस. मावशीचे पावणेबाराच्या किंचित पुढे. भागून एक पूर्णांक अठरा.

"पाणी घातलंस ना, मावशी?" भाच्याने हळहळत विचारलं.

"चमचा उलटा कर."

त्याने केला. मध चमच्याला चिकटून राहिला, मग माहेरून निघाल्यासारखा रेंगाळत खाली आला. मंडळींनी मधाकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. दोन्ही खरं कसं असेल, कोणालाच कळेना.

अध्यक्षांनी नियम ऐकवला. "खोटा मध किंवा खोटं माप, शिक्का कायमचा बाद. मग तो कोणीही असो."

भाच्याने सगळ्यांच्या आधी मान डोलावली. "तोलताना चुकली असशील गं."

"असेन बाबा. सगळीकडे फिरून डबा माझ्याकडे आला तेव्हा आत कोळ्याचं जाळं होतं. ते मी पुसून टाकलं. तेवढं वजन कमी भरलं असेल." मावशी उठली. "आता यात नुसतं पाणी भरून तोला बघू."

लिटरभर पाणी एक किलो; म्हणजे दहाने भागायचं, तर डबाभर पाणी दहा पौंड भरायला हवं. काटा आठाच्या जरा पुढे जाऊन थांबला.

"पाण्यातही मीच पाणी घातलं का रे?"

अध्यक्षांनी गोंधळून डबा उलटासुलटा केला, मग मोबाइल काढला. बराच वेळ बोट फिरवून म्हणाले, "अहो, गॅलन दोन असतात! थोरला दहा पौंड पाण्याचा. हा धाकटा. याला आठ आणि एक तृतीयांशाने भागायचं."

भागलं. एक पूर्णांक बेचाळीस. मावशीचा मध चोख.

मंडळींनी सुस्कारा सोडला. भाचाही गोड हसून म्हणाला, "मी म्हणतच होतो, मावशी असं करायची नाही."

"मध तर सगळ्यांचाच चोख असेल," डबा पुसत मावशी म्हणाली. "पण या धाकट्यात तुमचे चौदा पौंड मावले कसे रे?"

पुढच्या बाजाराला शिक्क्याच्या बरण्या बाजाराच्या तोंडावरच्या एकाच ठेल्यावर होत्या.