दोघींनी भाजलेला पाव

लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून आईला एका जागी चैन पडत नव्हतं. या खोलीतून त्या खोलीत, फ्रिज उघड, फ्रिज बंद कर, आणि शेवटी नुसता चहा. लेकीने फोनवर विचारलं की म्हणायची, "जेवले गं!"

आज लेकीचा भलताच हट्ट. "आई, आपला तो चपटा पाव करतेय. एकटीने जमत नाहीये, तूही तिकडे कर ना माझ्याबरोबर."

"एवढं शिकवलं, सगळं पाण्यात गेलं! कॅमेरा लाव, पीठ बघू दे."

"कॅमेरा बिघडलाय गं."

कुरकुरत आईने पीठ मळलं. अर्ध्या पावावर कांदा आणि चीज, अर्ध्यावर सफरचंद आणि मध. "ओव्हनचं दार सारखं उघडू नकोस, खाली बसेल तो!" असं ओरडत स्वतः मात्र दोनदा उघडून बघितलं.

"झाला, आई! चल, दोघी गरमगरम खाऊ." फोनमधून कुरुमकुरुम आवाज आला. आईने एक तुकडा मोडला, मग दुसरा. बघता बघता ताटली रिकामी झाली.

तिकडे लेकीने फोन ठेवला आणि बिस्किटांचा उरलेला पुडा गुंडाळून ठेवला.



तिच्या भाड्याच्या खोलीत ओव्हनच नव्हता.