वल्हवणारीने खाली बघायचं नसतं

सेवास्तीने तोंडातली श्वासाची नळी काढली आणि खोकत, शिंकत सरळ उभी राहिली. पाणी तिच्या छातीपर्यंतही नव्हतं.

"बुडाली गं बाई, बुडाली!" पलीकडून कालोतिना ओरडली आणि बाकीच्या बायका खो खो हसल्या. मोठाल्या गवती टोप्या घालून गळाभर पाण्यात उभं राहायचं आणि सगळ्या बेटाची उणीदुणी काढायची, हा त्यांचा रोजचा सकाळचा कार्यक्रम. उन्हाळाभर समुद्रात असतात, पण केस भिजवतील तर शपथ. कालपर्यंत सेवास्तीही त्यांच्यातलीच होती.

आज तिने आपली टोपी कालोतिनाच्या टोपीवरच चढवली होती आणि नातीचा विसरलेला पोहण्याचा चष्मा नाकाडोळ्यांवर आवळला होता. पाण्यात तोंड घातलं की छाती आपोआप बंद पडायची. नळीतून हवा येते हे तिला कळत होतं, तिच्या छातीला कळत नव्हतं.

धक्क्याला बांधलेल्या होडीत तिचा नवरा थेमेलिस बसला होता. होडी त्याने घासूनपुसून लख्ख केली होती, कारण आज त्याचा पुतण्या ती कायमची न्यायला येणार होता.

या होडीचा कायदा साधा होता. थेमेलिस पुढे पालथा पडायचा, काचेच्या बुडाचा डबा पाण्यात दाबून त्यात डोकं खुपसायचा आणि ऑक्टोपस शोधायचा. मागे सेवास्ती वल्ही मारायची. "डावीकडे. थांब. जरा मागे." लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचं तोंड कमी आणि पार्श्वभाग जास्त पाहिला होता. सुरुवातीला ती विचारायची, "काय दिसतंय रे?" तो डब्यातूनच उत्तर द्यायचा, "काही नाही गं. दगड आणि शेवाळ. तू वल्हव." एकदा तिने काठावरून वाकून पाहिलं, तर होडी खडकाला घासली. मग तो कडाडला होता, "वल्हवणारीने खाली बघायचं नसतं!"

यंदा त्याची मान धरली. डॉक्टरने वाकायला साफ मनाई केली. थेमेलिसने तो डबा पुतण्याला देऊन टाकला आणि आता होडीही द्यायला निघाला होता. त्यानंतर तो दिवसभर कॉफीच्या दुकानात तोंड पाडून बसणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरने वाकू नको म्हटलं होतं, वल्हवू नको कुठे म्हटलं होतं? खाली बघणारं कुणीतरी मिळालं की झालं. आणि ते कुणीतरी आपणच व्हायचं, असं तिने रात्री ठरवून टाकलं होतं. हे त्याला सांगितलं असतं तर तो हसला असता, म्हणून सांगितलं नव्हतं.

तो तसाही हसतच होता. "बट काचेखाली अडकवलीस, मग पाणी शिरेल नाहीतर काय होईल? केस मागे घे. काचेवर थुंक आधी."

"तुझ्यावर थुंकू का?"

"काचेवर! आणि चोळ, म्हणजे वाफ धरणार नाही. नळी दाताखाली धर, चावू नकोस. सूप गार करतेस ना, तसा सावकाश सोड श्वास. पाणी शिरलं तर जोरात फुंक, मला शिव्या देतेस तेवढ्या जोरात."

तिने थुंकलं, चोळलं, केस मागे घेतले. डोळे मिटून तोंड पाण्यात घातलं. एक सूप गार केलं. मग दुसरं. नळी घुरघुरली, पण हवा आली. तिने डोळे उघडले.

समोर कालोतिनाचे पाय होते. वर ती कुणाच्या तरी सुनेची लक्तरं वेशीला टांगत होती आणि खाली तिची पावलं वाळूत एकटीच नाचत होती. सेवास्तीला नळीतच हसू फुटलं.

"दोरी टाक," ती होडीपाशी येऊन म्हणाली. "आणि वल्ही घे."

"वेड लागलं का तुला?"

"टाक म्हणते ना!"

थेमेलिसने कुरकुरत होडी धक्क्यापासून सोडली आणि दोरी टाकली. ती दोरीला धरून पाण्यावर पालथी पसरली. तो वल्हवू लागला. वल्ही त्याच्या हातात बावळटासारखी आपटत होती.

आधी खरोखरच दगड आणि शेवाळ होतं. मग शेवाळ संपलं आणि खालचा समुद्र एकदम उघडला. निळ्यात निळं उतरत गेलेलं. चांदीच्या मासोळ्यांचा थवा तिच्या पोटाखालून गेला आणि एका झटक्यात वळला. उन्हाच्या पट्ट्या तळावर हलत होत्या. एका कपारीच्या तोंडाशी ऑक्टोपसने गोटे आणि शिंपले रचून अंगण केलं होतं, आणि आतून घरधनिणीसारखा एक डोळा रोखून तो बाहेर बघत होता. सेवास्तीला रडू आलं. आणि मग असा राग आला म्हणता! इतकी वर्षं हे सगळं या माणसाने एकट्याने पाहिलं.

तिने डोकं वर काढलं. लांब धक्क्यावर पुतण्या उभा राहून हात हलवत होता.

"थांबू दे त्याला," थेमेलिस म्हणाला. त्याने वल्ही सोडली होती आणि दुखरी मान वाकडी करून तो काठावरून खाली डोकावत होता. चेहरा अगदी लहान पोरासारखा झाला होता. "काय दिसतंय गं? सांग ना!"

सेवास्तीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"काही नाही रे. दगड आणि शेवाळ. तू वल्हव."