अकरा पाये
खोटं वाटेल, पण आर्वीकडून जामकडे विजेचे टॉवर उभे राहत होते तेव्हाची गोष्ट. हरिदासची टोळी पुढे पाये भरत जायची. काँक्रीट महिनाभर घट्ट झालं, की मागून त्याच्या पोराची, अश्विनची टोळी त्यावर टॉवर चढवायची. बापलेकांत अबोला. म्हणून हरिदास प्रत्येक ओल्या पायावर बोटानं लिहून ठेवायचा, "जेवला काय बे?", "सांभाळून चढजो." अश्विनला ते महिन्यानं मिळायचं. एवढं संथ टपाल जिल्ह्यात दुसरं नव्हतं.

अशातच एक दिवस हरिदास वारला.

कामावरचे साहेब म्हणाले, "अश्विन, पुढचे अकरा पाये त्यांनीच भरलेत. माझी गाडी घे, आजच सगळं वाचून ये."

"नाई साहेब. एका दिवसात संपवू काय बापाले?"