हातात दिलेली सुरी

कपाटात साड्यांच्या घडीखाली ती सुरी सापडली, मी दोन वर्षांपूर्वी दिलेल्या खोक्यातच. सासूबाई परसात जुन्या, गंजक्या सुरीने केळीची पानं कापत होत्या. मला वाईट वाटलं. मी धातुशास्त्र शिकवते. स्वयंपाकघरात आणि परसात दोन्हीकडे चालेल असं पोलाद त्यांच्यासाठी महिनाभर शोधलं होतं.

"आई, माझी सुरी आवडली नाही का?"

"आवडली गं. सहा महिने फणससुद्धा तिनंच कापला." त्यांनी हात पदराला पुसले. "मग बोथट झाली. घासून घासून पायरी झिजली, पण तिला काही धार येईना."

चूक माझीच होती. धार टिकावी म्हणून मी सर्वांत कठीण पोलाद निवडलं होतं. ते घरच्या दगडाला दाद देणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग मला सांगायचं ना!"

त्या पुन्हा पानं कापायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लोहाराकडे गेलो. त्यांनी एकेक सुरी त्याच्या दगडावर घासून पाहिली. चार हात फिरवताच धार लागली ती, जरा मऊ पोलादाची, त्यांनी निवडली. घरी आल्यावर मी ती त्यांच्यापुढे धरली.

"हातात नको देऊस, खाली ठेव. भांडण होतं."

"पहिली तर मी खोक्यातून काढून हातातच दिली होती."

"म्हणून तर दोन वर्षं गप्प बसले."

मी सुरी पायरीवर ठेवली. त्यांनी ती उचलली, अंगठ्याने धार पाहिली.

"आता ऐक. तुझी आमटी फार पातळ होते."