आजी हसलीच नाही

“ही कोण?” तुळजाबाईने मोबाईल राहीबाईच्या तोंडासमोर धरला.

पडद्यावर राहीबाईचाच चेहरा होता. भिवंडीच्या थेटराबाहेरचा. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, आणि शेजारी माईक धरून तोंडभर हसणारा एक पोरगा. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आजी हसलीच नाही! भाग दोन आपटला?’

“मीच,” राहीबाई म्हणाली.

तुळजाबाई तिची थोरली जाऊ. खारबावला दोघींची घरं समोरासमोर. राहीबाईचा नवरा काळूराम गेला, त्याचं बारावं नुकतंच झालं होतं.

“भावकी सकालपासून माझ्या ओटीवर येऊन बसलीय. नवरा जाऊन महिना न्हाय, आन ही थेटरात. तो पण हसायचा पिक्चर! महिन्याच्या जेवणाला कुणी येणार न्हाय बोलतात. मी काय तोंड दाखवू त्यांना?”

काळूराम गेल्यापासून राहीबाई फारसं बोलतच नव्हती. रडलीही नव्हती. वाढलं की जेवायची, उठवलं की उठायची.

सून क्षितिजा आतून पुढे आली. “मोठ्या आई, त्यांना नका बोलू. मी नेलं त्यांना. त्या नको म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. पहिला भाग दोघांनी मिळून बघितला होता, म्हणून मला वाटलं…”

“काय वाटलं?”

“हसतील. नाहीतर रडतील. काहीतरी होईल.”

तुळजाबाईने अंगठा टेकवला आणि व्हिडिओ सुरू झाला.

‘आजी, कसा वाटला पिक्चर?’

राहीबाई कॅमेऱ्याकडे नाही, रस्त्यापलीकडे कुठेतरी बघत होती.

‘हसलात की नाही?’

‘न्हाय.’

‘एकदा पण नाही? पूर्ण पिक्चरमध्ये?’

‘न्हाय रं, बाला.’

मागून हशा झाला. पोरगा कॅमेऱ्याकडे वळला. ‘सुन लो भाई लोग, आजीने फैसला सुना दिया!’

“लाखो लोकांनी बघितलंय,” क्षितिजा हळूच म्हणाली. “पेपरवाल्यांनी चांगलं लिहिलं होतं. पहिल्यापेक्षा दुसरा भाग सरस, असं. आता सगळे आईंचंच खरं मानतात. आजींचा चेहरा हाच रिव्ह्यू, असं लिहिलंय खाली. कुणी कुणी तिकिटं रद्द केली म्हणे.”

“मरू देत ती तिकिटं.” तुळजाबाई राहीबाईच्या समोर पाट ओढून बसली. आवाज खाली आणून म्हणाली, “राही, एक सांग. आत अंधारात तरी हसलीस का? न्हाय हसलीस तं मी तेच सांगते भावकीला. सुनेनं वढून नेली, ती दगडासारखी बसली, सगल्या दुनियेनं बघितलंय. तेवढ्यावर गप बसतील.”

“न्हाय हसले.”

“देवाशपथ?”

“हसायला सवड कुठं होती? ध्यान देऊन ऐकत होते. एक पण बोलणं चुकाया नको.”

“कशाला गो?”

“ह्यांना सांगायला.”

मागच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमचा खडखडाट चालू होता.

“लूमच्या कामानं कान खाल्ले त्यांचे, तुला म्हायती हाय ना बाय,” राहीबाई म्हणाली. “थेटरात काय ऐकू येतंय त्यांना? सगली लोकं हसायची, हे माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. मंग मी कानात सांगायचे. मागची लोकं वरडायची, ओ मावशी, घरी जाऊन बोला. यंदा बाजूला कुणी दुसरंच बसलेलं. मी बोलले, असू दे. ध्यानात ठेवू, घरी गेल्यावर सांगू.”

इतक्या दिवसांत ती एवढं पहिल्यांदाच बोलली. आवाज कोरडाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

“मंग आलीस घरी,” तुळजाबाई म्हणाली.

“आले.”

क्षितिजाने तोंड फिरवलं. तुळजाबाईने मोबाईल बंद केला आणि मांडीवर पालथा ठेवला. तिच्या ओटीवर भावकी अजून वाट बघत होती. तुळजाबाईने समोरच्या आपल्या घराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, “मना सांग.”

“काय?”

“काय ध्यानात ठेवलंस ते. सांग मना.”

राहीबाईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग ती पुढे सरकली, एक हात जावेच्या खांद्यावर ठेवला आणि तोंड तिच्या कानाशी नेलं. ती मोठ्याने बोलू लागली. इतक्या मोठ्याने की तुळजाबाई दचकली. पण तिने कान बाजूला घेतला नाही.

“एक चोर असतो. चोरी कराया घरात शिरतो, आन घरवाले भायेरून टाला लावून लग्नाला निघून जातात. हा आतच. मंग तो मालकालाच फोन लावतो. बोलतो, शेट, कवा येताव? माझी आय जेवायची थांबलीय!”

राहीबाई तिथे थांबली. खांद्यावरचा हात तसाच ठेवून, जरा मागे होऊन, ती जावेच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पुढचं वाक्य तिला पाठ होतं, पण ते लगेच बोलायचं नसतं. हसू पोचायला थोडा वेळ लागतो.