वाचक क्रमांक तीन

रोज अकराला आपल्या साइटवर वाचक क्रमांक तीन आला की दिगंबर पाथ्रीकर खुर्चीत ताठ बसत. सर्च इंजिन ज्या साइटवरून उत्तर उचलेल, तिथे त्याने रोज तीन हाडामांसाचे वाचक पाठवायचे, असा कायदाच होता. पहिले दोघे पाच सेकंदांत पळत. तिसरा मात्र बागकामावरचा लेख वीस मिनिटं वाचत बसे. त्याच्याखातर त्यांनी साइट बंद केली नव्हती.

आज तो वाचत असतानाच ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. शिट्ट्या देणाऱ्या कुकरशेजारी बायको कणीक मळत होती आणि मधूनच करंगळीने मोबाइलवर त्यांचाच ‘कढीपत्त्यावरील कीड’ हा लेख वर सरकवत होती.

“शालन, तिसरा वाचक तू?”

“घरबसल्या नोकरी आहे. सर्च इंजिनवाल्यांनी तुमची साइट नेमून दिलीय. लेख शेवटपर्यंत सरकवला की हजेरी लागते.”

“म्हणजे तू वाचतेस!”

“वाचायची अट नाहीये.”

“मग वीस मिनिटं कशाला?”

“तुमचा लेख संपला की मी गॅस बंद करते. महिनाभरात एकदाही भात करपला नाही.”

दिगंबरराव खांदे पाडून वळले.

“अहो, उद्या पुरण शिजवायचंय,” शालनताई म्हणाल्या, “जरा लांबडं लिहा.”

ते दारात थबकले.

“किती शिट्ट्यांचं?”