विभूतीचं बोट

डाव्या हातात खिळा, उजव्या हातात हातोडी घेऊन सिद्धाराम पाटाकडं वळला आणि जागीच थांबला. झेंडूच्या फुलांत ओळीनं मांडलेले सगळेच्या सगळे सेल विभूती लावून बसले होते.

"अव्वा, हे कुणी केलं?"

"कुणी म्हंजे? मीच की," त्याची आई गुरम्मा म्हणाली. "खंडेनवमी हाय आज. तू दोनचार सेलांवर तेवढं बोट वढलं हुतंस. बाकीच्यांनी काय पाप केलंय? सगळ्यांस्नी लावलं आन् वळीनं मांडलं."

झालं. आता घ्या ओळखून.

भवानी पेठेतल्या त्या दुकानात विजेच्या स्कूटर मिळत, आणि बॅटऱ्या सिद्धाराम स्वतः जोडी. बॅटरी म्हणजे बोटाएवढ्या सेलांची मोळी. सेलाच्या आत जो द्रव असतो तो पेट्रोलचा सख्खा भाऊ, बिघडला की भडकतो. एका नव्या कंपनीनं त्यात आग धरू न देणारं औषध मिसळलं होतं आणि मूठभर सेल नमुन्याला दिले होते. औषधाचा माल यायचा होता दिवाळीनंतर. दसऱ्याचं गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत थांबतं होय? म्हणून स्कूटरमध्ये जुनेच सेल, आणि गिऱ्हाइकासमोर खिळा ठोकून आग लागत नाही हे दाखवायला औषधाचे. दिसायला दोन्ही एकसारखे. ओळखायला म्हणून त्यानं औषधाच्या सेलांवर विभूतीचं एकेक बोट ओढून ठेवलं होतं. शिवभक्ताच्या दुकानात विभूती दिसली तर कोण शंका घेतंय? गडी हुशार खरा.

समोर स्टुलावर भुवनेश्वरी बसली होती. जुळे सोलापूरची, पतसंस्थेत नोकरीला. ती स्कूटरपेक्षा खिळा बघायलाच आली होती.

"दादा, आमच्या पार्किंगमध्ये प्लग नाही. बॅटरी तिसऱ्या मजल्यावर न्यायची, आणि रिकामा प्लग एकच, सासूबाईंच्या कॉटजवळ. त्यांना लकवा झालाय. काही झालं तर उठून बाहेरसुद्धा येता यायचं नाही त्यांना. म्हणून म्हटलं, डोळ्यानं बघावं."

"काय होत न्हाय, ताई," सिद्धाराम सवयीनं म्हणाला. नजर मात्र पाटावरून हलेना.

परसात एकदा त्यानं जुन्या सेलात खिळा मारून पाहिला होता. आधी फुस्स झालं, मग हातभर जाळ उठला. शेडचा पत्रा काळा पडला तो अजून काळाच आहे. भुवया परत यायला त्याचा अख्खा पावसाळा गेला.

"अज्जी, तुम्हीच एक निवडा," भुवनेश्वरी म्हणाली. "तुमच्या हातचा असू दे."

गुरम्मानं मधलाच एक सेल उचलला, कपाळाला लावला आणि दोन विटांच्या मध्ये ठेवला. मग तिथंच मांडी घालून बसली. लेकाचं कौतुक तिला जवळून बघायचं होतं.

"अव्वा, तू जरा लांब बस."

"का रं? आग लागत न्हाय म्हणतोस की."

सिद्धारामनं खिळा सेलावर टेकवला. आईचं तोंड वीतभरावर होतं. हातोडी वर गेली आणि वरच राहिली. मग त्यानं ती हळूच खाली ठेवली.

"आज नको," तो म्हणाला. "खंडेनवमीला पुजलेल्या वस्तूवर घाव घालत न्हाईत."

गुरम्माला भरून आलं. "बघा बाई. माझ्या पोराला कळतं ते मला कळलं न्हाय."

भुवनेश्वरी ओशाळली. तिनं पाटाला हात जोडले. "माझंच चुकलं. सणाच्या दिवशी परीक्षा बघत बसले. स्कूटर उद्या दसऱ्याला नेते, बॅटरी तेवढी आज द्या. रात्रभर चार्ज होईल. कॉटजवळ लावली तर चालेल ना, दादा?"

सांगायचं तर आता सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. सिद्धारामनं तोंड उघडलंही, पण त्याच्या आधी गुरम्माच बोलली.

"बिनघोर लाव, बाई. तिलाबी इभूत लावलेली हाय."

बॅटरी स्वतः उचलून त्यानं रिक्षात नेऊन ठेवली. "वर चादर-बिदर टाकू नका," एवढंच म्हणाला. भुवनेश्वरीनं मान हलवली आणि बॅटरी मांडीवर घेतली. लेकरासारखी दोन्ही हातांनी धरली होती तिनं.

रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो दारात उभा राहिला. आत आला तेव्हा गुरम्मा सेलांचा पाट उचलून मागच्या घराकडं निघाली होती.

"रातभर देव्हाऱ्यापुढं राहू देत," ती म्हणाली.

"घरात नको नेऊस, अव्वा," सिद्धाराम म्हणाला. "परसात ठेव. लांब, वाळूवर."